पंपावरचं हेल्मेट आणि इन्स्टॉलरचा पासवर्ड

परवा रविवारी नाशिकच्या सातपूरला एका टपरीवर आमचा चहा तीनदा झाला आणि वाद एकच, इन्स्टॉलरने, म्हणजे मशीनवर नवी सिस्टीम बसवणाऱ्या प्रोग्रामने, कच्चा पासवर्ड नाकारावा की चालवून घ्यावा. झालं असं की आमच्यातला एक जण मांडीवर जुना लॅपटॉप घेऊन त्यावर पेनड्राइव्हमध्ये कधीची पडून असलेली फेडोरा या लिनक्स सिस्टीमची (विंडोजऐवजी चालते ती) जुनी आवृत्ती टाकत बसला होता, निव्वळ टेस्टिंगसाठी, संध्याकाळी परत फॉरमॅट मारायचाच होता. पासवर्ड टाकला चार अक्षरी. इन्स्टॉलर म्हणाला कमजोर आहे, तरी हाच ठेवायचा असेल तर डन दोनदा दाबा. त्याने दोनदा दाबलं आणि चहा उचलला. एवढ्यावरून अंबडच्या एका कारखान्यात नेटवर्क बघणारा आमचा मित्र पेटला, म्हणे हे दोनदा डन वगैरे लाड कशाला, सरळ पुढे जाऊच देऊ नये, लोकांना अक्कल नसते. लॅपटॉपवाला म्हणाला मशीन माझं, मर्जी माझी, तू कोण. मग पुढचा दीड तास एक बाजू अक्कल काढतेय आणि दुसरी स्वातंत्र्य. या पासवर्डने नक्की कोणापासून काय वाचवायचंय हे तोवर कोणी विचारलंच नाही.

मी माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे लपवालपवी नको. इन्स्टॉलरने पासवर्डच्या ताकदीची सक्ती करू नये. इशारा द्यावा, एकदा नाही दोनदा द्यावा, पण अडवू नये. सक्ती करायचीच असेल तर मशीनचं दार बाहेरच्या जगाला उघडतं त्या जागी करावी, आणि तोपर्यंत ते दार बंद ठेवणं हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं काम आहे, वापरणाऱ्याचं नाही.

नाशिककरांना हे समजवायला फार लांब जायची गरज नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्याकडे 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं होतं, आठवतंय ना? हेल्मेटने जीव वाचतो याबद्दल माझा काडीचा वाद नाही, मी घालतो. पण त्या दिवसांत गंगापूर रोडकडच्या एका पंपावर मी स्वतः एका अनोळखी काकांना "काका, दोन मिनिटं द्या ना" म्हणून त्यांचं हेल्मेट डोक्यावर ठेवून पेट्रोल भरलंय, कारण माझं घरी राहिलं होतं, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या पोराने ते माझ्याकडून घेतलं, काका बिचारे पलीकडे टायरमध्ये हवा भरत हेल्मेटची वाट बघत उभे. घामाने आतून ओलं झालेलं ते हेल्मेट किती डोक्यांवरून फिरलं असेल देव जाणे. मुद्दा हा की पंपावर गाडी बंद असते. डोकं फुटतं ते रस्त्यावर. तपासणी जिथे धोका नाही तिथे ठेवली की लोक तपासणी पास होतात, सुरक्षित होत नाहीत. इन्स्टॉलर हा तो पंप आहे. मशीन अजून उभंच आहे, नेटवर्कला लागेल की नाही, कोण वापरणार, टेस्टिंगचं आहे की तिजोरीचं, इन्स्टॉलरला यातलं काहीही माहीत नसतं. पण डोक्यावर काहीतरी ठेवल्याशिवाय पेट्रोल नाही.

आता अंबडवाल्या मित्राची बाजू नीट मांडतो, कारण त्याने ती नीट मांडली नाही. त्याच्या बाजूला इतिहास आहे आणि तो जुना आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या दोन माणसांनी १९७९ साली लोकांचे खरे पासवर्ड गोळा करून तपासले. एकूण ३२८९. त्यातले १५ तर फक्त एका अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे. डिक्शनरीतले शब्द, पाच-सहा साधी अक्षरं वगैरे सगळं धरून २८३१ पासवर्ड सहज शोधता येण्यासारखे निघाले, म्हणजे ८६ टक्के. आणि हे वापरणारे कोण, तर कॉम्प्युटर म्हणजे काय हे जगात मोजक्या लोकांना माहीत होतं त्या काळातले जाणकार. मग नऊ वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ ला, याच मॉरिसच्या मुलाने सोडलेला वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप जाणारा प्रोग्राम, इंटरनेटभर पसरला, त्याच्या पोटात ४३२ शब्दांची यादी होती आणि ती तो पासवर्ड म्हणून लावून बघायचा. बापाने सांगितलेलं दुखणं मुलाने करून दाखवलं! तेव्हा मोकळं सोडलं तर लोक कच्चेच पासवर्ड ठेवतात हे मान्य. नंतर बदलू म्हणणारे कधी बदलत नाहीत हेही मान्य, मी स्वतः किती दुकानांत विंडोज टाकून 'नंतर बदला हं' सांगून आलोय आणि तीन वर्षांनी गेलो तर तोच पासवर्ड, वर मॉनिटरला चिकटवलेला. पहिल्यांदा जे बसतं तेच कायमचं बसतं, म्हणून पहिल्यांदाच नीट बसवा, हा युक्तिवाद हलका नाही.

पण त्याच मॉरिस-थॉम्पसननी यावर उपाय काय केला ते सांगायला लोक विसरतात. त्यांनी मुख्य काम मशीनकडून करून घेतलं. पासवर्डची नोंद ज्या गणिताने व्हायची ते गणित मुद्दाम हळू केलं, प्रत्येक पासवर्डमध्ये सॉल्ट (एक वेगळा, कसाही निवडलेला आकडा) घातलं म्हणजे एकच यादी सगळ्यांवर एकदम चालवता येऊ नये. आणि माणसाला? माणसाला विनंती केली, जरा मोठा पासवर्ड ठेवा म्हणून. त्या काळच्या युनिक्सच्या पासवर्ड कमांडच्या माहितीपानावर किमान किती अक्षरं हवीत ते लिहून पुढे सरळ लिहिलंय की तुम्ही पुरेसा हट्ट धरलात तर हे नियम सैल होतील. ८६ टक्के लोक चुकतात हे ज्यांनी मोजून काढलं त्यांनीच हट्टाला जागा ठेवली! टपरीवरच्या त्या दोनदा डनचं कूळ तिथवर जातं. २०१५ च्या सुरुवातीला फेडोराच्या बाविसाव्या आवृत्तीसाठी ही दुसऱ्यांदा डन दाबायची सोय काढून टाकायचा प्रयत्न झाला होता, एवढा गदारोळ झाला की मागे घ्यावा लागला. तेव्हाही वाद असाच झाला होता, अक्कल विरुद्ध स्वातंत्र्य.

सक्तीवाल्यांचं दुसरं आवडतं उदाहरण म्हणजे मिराई. २०१६ साली या बॉटनेटने, म्हणजे दुसऱ्यांची उपकरणं पळवून उभ्या केलेल्या फौजेने, लाखो कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर असा मारा केला की अर्ध्या जगाला मोठमोठ्या वेबसाइट दिसेनात. बघा, कच्च्या पासवर्डचा परिणाम! पण मिराईकडे होतं काय, तर साठ-बासष्ट जोड्यांची यादी, कारखान्यातून आलेल्या युझरनेम-पासवर्डची. वापरणाऱ्यांनी ते पासवर्ड निवडलेच नव्हते, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, काही उपकरणांत तर बदलायची सोयच नव्हती आणि टेलनेट, म्हणजे लांबून आत यायचा जुना रस्ता, मात्र सताड उघडं. आणखी गंमत म्हणजे त्या यादीत एक पासवर्ड असा आहे, सात, मग यू, जे, मग कॅपिटल एम, मग के, ओ, शून्य आणि पुढे ॲडमिन. मोजा. बारा अक्षरं, कॅपिटल आहे, स्मॉल आहे, आकडे आहेत. बहुतेक इन्स्टॉलर याला हिरवी पट्टी देतील. पण सगळ्या उपकरणांत तोच, त्यामुळे किंमत शून्य. मिराईने शिकवलेला धडा असा की कारखान्याने सगळ्यांना एकच किल्ली देऊ नये. तसे कायदे झालेसुद्धा, कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२० पासून, ब्रिटनचा २९ एप्रिल २०२४ पासून, आणि दोन्हींचा रोख बनवणाऱ्यावर आहे. ही सक्ती मला मान्य आहे. त्यावरून गिऱ्हाईकाच्या पासवर्डात ॲट द रेट पाहिजे हे कसं निघतं?

हे एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, दर नव्वद दिवसांनी बदला हे प्रकरण आलं कुठून तेही बघा. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेसाठी बिल बर नावाच्या माणसाने २००३ च्या सुमारास मार्गदर्शिका लिहिली, जगभरच्या ऑफिसांनी ती डोळे झाकून उचलली, आणि २०१७ मध्ये निवृत्तीनंतर त्याच बरनी कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. निस्टने त्याच वर्षी कॅपिटल-आकडा-चिन्हाचे नियम लावू नका आणि उगाच मुदतीने बदलायला लावू नका असं सांगितलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ ला विंडोजच्या आपल्या शिफारशींतून पासवर्डची मुदत काढून टाकली. आता मित्र म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की निस्टनेच २०२५ मध्ये नुसत्या पासवर्डवर भरवसा असेल तिथे किमान १५ अक्षरं हवीत असा नियम केलाय आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा असंही सांगितलंय, ही सक्ती नाही तर काय? आहे, सक्तीच आहे. पण ती ऑनलाइन सेवांच्या लॉगिनसाठी आहे, जिथे समोर आख्खं इंटरनेट दार वाजवत उभं असतं. माझ्या घरातल्या, कीबोर्डसमोर बसल्याशिवाय उघडत नाही अशा मशीनसाठी तोच नियम लावायचा म्हणजे जुन्या नाशकातल्या वाड्यात दिंडी दरवाजाला आतून अडसर असताना माजघरालाही बँकेच्या लॉकरचं कुलूप लावायला सांगण्यासारखं आहे. लावेल कोणी हौस असेल तर. पण ते लावल्याशिवाय घरात राहायलाच परवानगी नाही?

बरं, ताकद मोजणार कशी हा प्रश्न तर कोणी काढतच नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. नाशिक, पुढे ॲट, पुढे वन टू थ्री, पहिलं अक्षर कॅपिटल. दहा अक्षरं, चारही अटी पूर्ण. या शहरातल्या किती दुकानांच्या वायफायवर हे चालेल ते तुम्हीच करून बघू नका, गुन्हा आहे तो. आधारची पीडीएफ घ्या, तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. आठ अक्षरं, कॅपिटल, आकडे, आणि तुमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाला माहीत. लिनक्समध्ये जे तपासनीस बसवलेले असतात त्यांची डिक्शनरी मुख्यतः इंग्रजी. मंकी लिहिलं तर लगेच ओरडतील. पण रोमन लिपीत गणपती बाप्पा मोरया लिहा, एवढा लांब, डिक्शनरीत नाही, वा वा, उत्तम पासवर्ड! तपासणाऱ्याला मराठी येत नाही. हल्ला करणाऱ्याला येतं, कारण त्याच्याकडे फुटलेल्या खऱ्या पासवर्डांच्या याद्या असतात. एकट्या रॉकयू नावाच्या साइटवरून २००९ ला सव्वातीन कोटींच्या आसपास पासवर्ड उघडे पडले होते, आणि असल्या याद्यांत जगभरची नावं, देव, जन्मतारखा सगळं येतं. म्हणजे ही सक्ती ज्या फूटपट्टीवर उभी आहे ती फूटपट्टीच आपल्या भाषेत आंधळी आहे. साध्या माणसाला ती हिरवी पट्टी दाखवते, तो खुश, आणि कच्चा पासवर्ड आहे हे माहीत असताना जी थोडी भीती होती तीही गेली.

आता शाळेचं सांगतो. आम्ही दोघं-तिघं मिळून जुने पीसी जमवतो, दुरुस्त करतो आणि त्र्यंबकेश्वर, पेठ बाजूच्या शाळांना देतो, चार-पाच वर्षं झाली. एकदा माझ्या मनात सुरक्षेचं वारं शिरलं म्हणून मी सगळ्या मशीनवर कडक नियम लावून दिले, दहा अक्षरं, कॅपिटल, चिन्ह, सगळं. महिन्याने त्याच शाळेत गेलो. सहा पीसी, आणि सहाही सीपीयूच्या कॅबिनेटवर परमनंट मार्करने पासवर्ड लिहिलेला, मोठ्या अक्षरात, ॲटच्या भोवती गोल करून आणि बाजूला बाण काढून 'शिफ्ट + २'. चौथीतली एक मुलगी लॉगिन करत होती. डाव्या हाताच्या करंगळीने शिफ्ट दाबून धरायची, उजव्या हाताने दोन दाबायची, तोवर शिफ्ट सुटायचं आणि दोनच उमटायचं. तिसऱ्यांदा तिने शेजारणीला शिफ्ट दाबायला सांगितलं. एका कीबोर्डचं शिफ्ट तर मोडलेलंच होतं, त्या मशीनला महिनाभर कोणी हातच लावला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचा पासवर्ड चांगलाय हो, पण तासिका पस्तीस मिनिटांची असते." मी काय बोलणार? त्या मशीनवर होतं काय तर चित्रकला, टायपिंग आणि गणिताचे खेळ. इंटरनेट नाही. चोर आला तर पीसीच उचलून नेईल, पासवर्ड विचारत बसणार नाही. मी तिथेच नियम काढले आणि पासवर्ड ठेवला आंबा. कॅबिनेटवरचं अजून पुसलं जात नाही, थिनरने घासूनसुद्धा.

इथे मित्राचा सगळ्यात ताकदीचा मुद्दा येतो. तो म्हणतो, शाळा ठीक आहे रे, पण एकाचं मशीन पडलं की ते दुसऱ्यावर हल्ला करायला वापरतात, मग हा फक्त तुझ्या मर्जीचा प्रश्न राहत नाही, ही साथ आहे, आणि साथीत सक्ती लागते. खरंय. आपल्याच मुलखातलं बघू. १८९७ ला पुण्यात प्लेग आला, तो काही खोटा नव्हता, माणसं पटापट मरत होती आणि काहीतरी कडक करणं भागच होतं. सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, रँड साहेबाला नेमलं, गोरे सोजीर घराघरांत, माजघरात, देवघरात घुसून रोगी शोधायला लागले. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले. ताप आलेलं माणूस माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, प्रेतंसुद्धा गुपचूप. साथ आटोक्यात यायला जी गोष्ट सगळ्यात जास्त लागते, कोण आजारी आहे हे कळणं, तीच गेली. पुढे २२ जूनच्या रात्री काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन नावाच्या माणसाने प्लेगची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. दोन्ही माणसं एकाच रोगाशी लढत होती. फरक इतकाच की एकाने ओझं लोकांच्या घरात नेऊन टाकलं आणि दुसऱ्याने आधी स्वतःच्या अंगावर घेतलं.

कॅबिनेटवरचा मार्कर म्हणजे लपवलेला रोगीच आहे. वरवर नियम पाळलेला, आत तसंच. मला सॉफ्टवेअरवाल्यांकडून हाफकिनची वाट पाहिजे, आणि तशी उदाहरणं आहेत, स्वप्नरंजन नाही. रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर घ्या, आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो. वर्षानुवर्षं युझर पाय आणि पासवर्ड रास्पबेरी, सगळ्या जगात तोच. नोव्हेंबर २०१६ मध्ये, मिराईच्या गडबडीनंतर लगेच, त्यांनी काय केलं? एसएसएच (लांबून लॉगिन व्हायची सोय) मुळातच बंद करून टाकलं. तुम्ही ते चालू केलंत आणि पासवर्ड जुनाच असेल तर इशारा. मग एप्रिल २०२२ ला तो ठरलेला युझरच काढला, आता पहिल्यांदा चालू करताना आपला आपण बनवायचा. विंडोजमध्ये तर एक्सपीपासून एक भन्नाट नियम आहे जो फार कोणाला माहीत नसतो, लोकल अकाउंटला पासवर्डच नसेल तर त्या अकाउंटने नेटवर्कवरून लॉगिन होतच नाही, फक्त मशीनसमोर बसून. म्हणजे घरातल्या पीसीवर वन टू थ्री फोर ठेवणाऱ्यापेक्षा काहीच न ठेवणारा बाहेरच्या हल्ल्याला जास्त सुरक्षित! हे पचायला जड आहे, पण मुद्दा अख्खा याच्यात आला. ताकद पासवर्डात शोधू नका, दार उघडं आहे का ते बघा.

डेटाबेसवाल्यांचं तर समोरासमोर ठेवून बघता येतं. मायएसक्यूएलने २०१५ ला आलेल्या ५.७ आवृत्तीत, रेडहॅट घराण्याच्या लिनक्सच्या पॅकेजांमध्ये, इन्स्टॉल करतानाच कडक पासवर्ड सक्तीचा केला, आठ अक्षरं, कॅपिटल, स्मॉल, आकडा, चिन्ह. आपल्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा, पोरं इन्स्टॉल झाल्यावर पहिली कमांड कुठली शोधून चिकटवतात, तर पॉलिसी लो करायची. ती कमांड काय करते हे न कळता. म्हणजे शिकायला बसलेल्या पोराची पहिली तालीम कसली, तर सुरक्षेचा खटका खाली पाडायची. दुसरीकडे मोंगोडीबी. २०१७ च्या सुरुवातीला हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली कारण ते बिनपासवर्डचे इंटरनेटवर उघडे पडले होते. त्यांनी त्याच वर्षीच्या ३.६ आवृत्तीपासून ठरवलं की डेटाबेस आपणहून फक्त त्याच मशीनला उत्तर देईल, बाहेर उघडायचा तर मालकाने मुद्दाम उघडावा. शिकणाऱ्या पोराला काही त्रास झाला? शून्य. आणि बेफिकीर माणसाचं दार आपोआप बंद राहिलं. दोन्हींपैकी कुठली गोष्ट लोक उलटी करायला धावले याचा विचार करा.

आपण रोज खिशात घेऊन फिरतो ते यूपीआय तर चार किंवा सहा आकड्यांवर चालतं. चार आकडे म्हणजे दहा हजार शक्यता, कुठलाही इन्स्टॉलर यावर तोंड वाकडं करेल. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २००० कोटींवर व्यवहार त्यावर झाले, मेनरोडच्या भाजीवालीपासून सराफ बाजारापर्यंत. कारण पिन एकटा नाहीये, तुमचं सिम आणि तुमचा फोन आधी बांधून घेतलेला असतो, आणि पिन काही वेळा चुकला की दार लागतं. भाजीवाल्या मावशींना कोणी सांगितलं नाही की पिनमध्ये एक कॅपिटल टाका. फसवणूक होते, रोज होते, पण ती पिन ओळखून होत नाही, माणसाला बोलण्यात गुंतवून होते, आणि तिथे पंधरा अक्षरांचा पासवर्डही माणूस आपल्याच तोंडाने सांगतो.

एका ठिकाणी मात्र मी मित्राला पूर्ण हो म्हणतो. डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद लिपीत ठेवणं. तिथे पासवर्ड हीच किल्ली असते, लॅपटॉप चोरीला गेला की चोर निवांत घरी बसून लावत राहतो, तीन चुकांनंतर थांबवणारं कोणी नाही. सहा स्मॉल अक्षरांच्या शक्यता साधारण ३१ कोटी. ऐकायला मोठा आकडा आहे, पण हॅश, म्हणजे पासवर्डची नोंद करणारं गणित, जलद जातीचा असेल तर आजच्या एका बऱ्या ग्राफिक्स कार्डाला सेकंदसुद्धा लागत नाही. लिनक्सचं एन्क्रिप्शन मुद्दाम खूप हळू गणित वापरतं म्हणून बराच दिलासा मिळतो, तरी तिथे किमान लांबीची अट घातली तर मी तक्रार करणार नाही. पण मग त्याच पडद्यावर हेही ठळक लिहा की हा विसरलात तर सगळं गेलं, कोणी काढून देणार नाही. सिन्नर फाट्याच्या एका ओळखीच्याने ऑफिसच्या नियमाने जबरदस्त पासवर्ड ठेवला, दिवाळीची सुट्टी झाली, परत आला तर आठवेना. कॅपिटल आर होता की एस, शेवटी उद्गारचिन्ह एक की दोन. आठ दिवस माझ्याकडे खेटे घातले. पोरीच्या बारशाचे फोटो त्यातच होते. सुरक्षेचा अर्थ चोराला न मिळणं एवढाच धरतो आपण, मालकाला मिळणं हाही त्यातच येतो हे त्या दिवशी कळलं.

आणि माझ्या बाजूची एक फट आहे ती लपवत नाही. एसएसएच चालवणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामने २०१५ च्या ७.० आवृत्तीपासून रूटला, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी अकाउंटला, नुसत्या पासवर्डने बाहेरून यायला बंदी केली, छान केलं, पण साध्या युझरला अजूनही बहुतेक ठिकाणी पासवर्डने येता येतं. म्हणजे डेबियन हे लिनक्स टाकताना कोणी एसएसएच सर्व्हरच्या चौकोनात टिक मारली आणि युझर राम, पासवर्ड राम वन टू थ्री ठेवला, आणि मशीनला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता, असेल, तर बॉट दिवसभरात आत. अशा मशीनचे लॉग मी बघितलेत, मिनिटाला कितीतरी टकटक चालू असते, जगाच्या कानाकोपऱ्यातून, बिचाऱ्यांना झोप नाही. इथे स्वातंत्र्यवाल्यांचं 'मशीन माझं' चालत नाही, कारण टिक मारल्या क्षणी तुमची गाडी रस्त्यावर आली. म्हणून माझं म्हणणं, सक्तीची जागा तीच टिक. ती मारली की इन्स्टॉलरने थांबावं आणि विचारावं, बाहेरून यायचंय ना, मग एक तर 'की' (किल्लीची फाइल) बनवा, नाही तर पासवर्ड आत्ता इथे मोठा करा, यातलं काहीच नको असेल तर टिक काढतो. तिथे हट्ट चालणार नाही.

हे मी टपरीवर बोललो तेव्हा मित्राने थोडा वेळ ग्लास फिरवत ठेवला आणि म्हणाला, "बरं, पण त्या टिकवर बारा अक्षरं." मी म्हटलं पंधरा घे, निस्टवाल्यांचीच. मला फक्त आधीच्या पडद्यावर शाळेच्या मशीनसाठी आंबा लिहू दे, डन मी पाहिजे तर तीनदा दाबतो. लॅपटॉपवाल्याने एव्हाना इन्स्टॉल संपवून मशीन बंद केलं होतं आणि पैसे कोण देणार यावर वाद सुरू झाला होता.